सगळ्यात अवघड रोबोटिक्स स्पर्धा कोणती? वरची नावं नकोत, मधली फळी बघा

गिअरबॉक्स
गणपती उरकले की आमच्या शाळेच्या संघात आणि जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर हा वाद दरवर्षी पेटतो: येत्या मोसमात सगळ्यात अवघड स्पर्धा कुठली ठरणार? उत्तरंही ठरलेली. आशियाई कॉलेजांची रोबोकॉन, कारण देशातून एकच संघ पुढे जातो. फर्स्ट या अमेरिकी संस्थेची शाळकरी संघांसाठीची एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन), कारण यंत्र पन्नास किलोच्या वर जाऊ शकतं. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टचं रोबोवॉर, म्हणजे यंत्रांची मारामारी, कारण तिथे ठिणग्या उडतात. आणि एखाद्या यादीत दोन नामांकित संघ दिसले की लगेच 'यंदा तिथे जाण्यात अर्थ नाही' असा निकाल.

मला हे पटत नाही. दोन दादा संघ असले म्हणून स्पर्धा अवघड होत नाही. त्या दोघांशी तुमची गाठ एकदा-दोनदा पडते. बाकीचे सामने ज्यांच्याशी असतात, ते कसे आहेत ते बघा.

एफआरसीचंच घ्या, कारण तिथे हे मोजता येतं. सामना साधारण अडीच मिनिटांचा, तीन यंत्रांची एक युती विरुद्ध तीन यंत्रांची दुसरी. साखळी संपली की वरचे आठ कर्णधार प्रत्येकी दोन जोडीदार निवडतात. पहिली फेरी एक ते आठ, दुसरी उलटी, आठ ते एक. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या कर्णधाराला तिसरं यंत्र मिळतं ते सगळ्यात शेवटी, चोविसावं. माझा प्रश्न इतकाच: हे चोविसावं यंत्र स्वतःहून गुण करतं, की त्याला नुसतं समोरच्याला अडवायला उभं करायचं? ते गुण करत असेल तर ती स्पर्धा अवघड. नसेल तर वर कितीही मोठी नावं असोत, पहिल्या युतीचा एक पाय लंगडाच असतो आणि तिला पाडता येतं. मिशिगनची राज्य अजिंक्यपद स्पर्धा म्हणून वेगळी. तिथे १६० संघ उतरतात, तेही आधीच्या जिल्हा स्पर्धांतून गुण जमवून आलेले. तिथे पाट्या टाकणारं कोणी नसतं.

तर येणाऱ्या संघांच्या यादीतली वरची पाच नावं झाका आणि उरलेली वाचा. कोणाला यावर हरकत?

लॅमिंग्टन_रोड
हरकत आहे. हे गणित एकाच खेळाच्या दोन स्पर्धा तोलायला ठीक. रोबोकॉनला ते लावून दाखवा.

रोबोकॉनमध्ये यजमान देश दरवर्षी नवा विषय देतो, आणि तो विषयच ठरवतो की यंदा किती रडायचं. २००८ ला पुण्यात दहीहंडी होती. २०२२ ला दिल्लीत लगोरी: चेंडूने फोडायची, पुन्हा रचायची. आपली पोरं खूश, आपलाच खेळ म्हणून. यंत्राला काय माहीत कोणाचा खेळ! २०१९ ला मंगोलियानं चार पायांवर चालणारं यंत्र मागितलं. त्याआधी दोन वर्षं फेकाफेकी होती, २०१७ ला तबकड्या आणि २०१८ ला व्हिएतनामचा गोळा. सगळ्यांच्या कपाटात फेकणारे हात आणि ओम्नी (आडवीही सरकणारी) चाकं. पाय कोणाकडे होते? त्या वर्षी नावाजलेला संघ आणि नवखा संघ एकाच पायरीवर उभे होते.

माझं मोजमाप हे: सीनियर लोकांनी कपाटात जे ठेवलं आहे त्यापासून नवा विषय किती लांब पडला. पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या चिखलात उतरलेल्या फलंदाजाला समोरच्या संघाची मधली फळी सांगून काय उपयोग? त्याला खेळपट्टी सांगा.

गिअरबॉक्स
कांगा लीग छान, पण खेळपट्टी दोन्ही संघांना तीच असते की. विषय लांब पडला तर सगळ्यांनाच लांब पडतो. त्यानं यंत्र बनवणं अवघड होतं, जिंकणं नाही. उलट २०१९ सारख्या वर्षी राष्ट्रीय फेरीत नुसतं पूर्ण अंतर चाललेलं यंत्र भाव खाऊन जातं.

एफआरसीतही खेळ दरवर्षी नवाच असतो, जानेवारीत जाहीर होतो.

लॅमिंग्टन_रोड
जाहीर नवा होतो, पण चाकं दुकानातून येतात. स्वर्व्ह ड्राइव्हचं, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वळवणाऱ्या रचनेचं, अख्खं मॉड्यूल तिथे विकत मिळतं, बसवा आणि पळा. आमच्या पोरांना बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट, मोटर ड्रायव्हर जळला की लॅमिंग्टन रोड, आणि लेथवाल्याकडे 'भाऊ, उद्या सबमिशन आहे, आजच द्या' म्हणून बसून राहणं. जिथे अवघड भाग विकत मिळतो ती स्पर्धा सोपी झाली असं मी म्हणेन.

गिअरबॉक्स
अहो, माझाच मुद्दा तुम्ही मांडताय! चालण्याचा प्रश्न दुकानात सुटला म्हणूनच मधली फळी वर आली. पूर्वी असं चारही चाकं वळवणारं यंत्र मोजक्या संघांना जमायचं. आता विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकाचा संघही चपळ पळतो. बनवणं सोपं, म्हणून जिंकणं अवघड.

पवईकर
तुम्ही दोघेही अंतिम दिवसाबद्दल बोलताय. ई-यंत्र करून बघितलंय का?

आयआयटी मुंबईची ही स्पर्धा २०१२ पासून चालू आहे. प्रवेशाला पैसे नाहीत, चार जणांचा संघ, आणि पुढच्या टप्प्यात गेलात तर किट त्यांच्याकडून येतं. म्हणजे पैसेवाल्या कॉलेजचा फायदा तिथे बराच कमी होतो. पण महिनोन्‌महिने एकामागून एक काम येत राहतं: आधी संगणकावरचं सिम्युलेशन, मग प्रत्यक्ष यंत्र. मध्ये सेमिस्टर, व्हायवा, कोणाची तरी केटी. नोव्हेंबर उलटेपर्यंत चौघांतला एक 'घरी प्रॉब्लेम आहे' म्हणून गायब, दुसरा फक्त ग्रुपवर अंगठे देतो. पवईच्या अंतिम फेरीत जे पोचतात त्यांच्याशी लढणं हा शेवटचा भाग. खरी गळती आधीच होऊन गेलेली असते.

तुमचं चोविसावं यंत्र इथे लागू कसं करणार? इथे समोर कोणी नसतंच. समोर तारीख असते.

नागदेवी_बेअरिंग
+१ पवईकर. अंगठेवाल्यावर एक स्वतंत्र धागा काढा, गर्दी होईल.

मुलुंडची_आई
मी इंजिनिअर नाही, पण मुलगी डब्ल्यूआरओला (वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड) उतरते म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे 'समोरचा संघ' आणि 'यंत्र' बोलताय. लहान मुलांच्या स्पर्धेत अवघडपणा वेगळ्याच ठिकाणी असतो. डब्ल्यूआरओमध्ये स्पर्धेच्या सकाळी एक अचानक नियम जाहीर करतात. घरी दोन महिने घोटलेला प्रोग्राम तसाच चालत नाही, त्यात बदल करावाच लागतो, आणि तो मुलांनीच करायचा. सर तिथे जाऊन काही सांगू शकत नाहीत. ठरलेल्या वेळी यंत्रं टेबलावर जमा, मग कोणी हात लावायचा नाही. फेरीत रिमोट नाही, यंत्र स्वतःच चालायला हवं. हॉलचा उजेड घरच्यापेक्षा वेगळा असला की रंग ओळखणारा सेन्सर पांढऱ्याला पिवळं म्हणतो, तेही तिथल्या तिथे निस्तरायचं.

कोण येणार त्याची यादी पाहून यातलं काय कळणार? ज्या क्लासची मुलं पाठ करून येतात ती यादीत वरच दिसतात, आणि नेमकी तीच सकाळी गडबडतात.

दुसरं, एफआरसीबद्दल. आमच्या ओळखीतला संघ परदेशी स्पर्धेला गेला. हजारो डॉलर प्रवेश शुल्क, वर तिकिटं, व्हिसा, यंत्राची पेटी. तुमच्या मिशिगनमधली मुलं शाळेच्या गाडीत बसून जातात. अवघड कोणाला?

गिअरबॉक्स
अचानक नियमाचा मुद्दा चांगला आहे, त्यावर मी अडकलोय, विचार करतो. पण खर्चाबद्दल नाही म्हणेन. महाग आणि अवघड या दोन वेगळ्या गोष्टी. वानखेडेचं तिकीट महाग असलं म्हणून सामना चुरशीचा होत नाही.

नागदेवी_बेअरिंग
गिअरबॉक्स साहेब, खर्च वेगळा काढून ठेवता येत नाही. तुमच्याच मापात तो घुसलाय. प्रवास महाग असतो तिथे संघ एकाच स्पर्धेला जाऊ शकतात, दुसऱ्यांदा खेळायची ऐपत नसते. जिथे जवळपास पाच-सहा स्पर्धा आहेत तिथले संघ एका मोसमात दोन-तीनदा खेळतात, प्रत्येक वेळी सुधारतात. मधली फळी तयार होते ती अशीच. पेट्रोलच्या पैशातून.

यावरून आठवलं, आठवड्याचं तर कोणी बोललंच नाही. एफआरसीत तेच चाळीस संघ पहिल्या आठवड्यात खेळवा आणि सहाव्या आठवड्यात खेळवा, स्पर्धा वेगळी होते. पहिल्या आठवड्यात निम्म्यांची यंत्रं नीट चाललेलीही नसतात. पूर्वी ठरल्या दिवशी यंत्र पिशवीत घालून सील करावं लागायचं. २०२० च्या मोसमापासून तो नियम गेला. आता दोन स्पर्धांच्या मधले सगळे दिवस संघ यंत्रावर काम करतात. म्हणजे उशिराच्या स्पर्धा आणखीनच चढल्या. नुसती यादी वाचून भागत नाही, शेजारी तारीख ठेवा, आणि कोण दुसऱ्यांदा खेळतोय ते बघा.

गिअरबॉक्स
हे मान्य. तारीख यादीतच धरायला हवी. तरी माप तेच राहतं, फक्त नीट लावायचं.

ओपीआर_विरोधी
इतका वेळ गप्प होतो. हे मधल्या फळीवाले शेवटी आकडे कुठून आणतात? ओपीआरमधून (ऑफेन्सिव्ह पॉवर रेटिंग). म्हणजे तीन यंत्रांच्या युतीनं मिळून केलेले गुण घ्यायचे, सगळे सामने समीकरणांत मांडायचे आणि लघुतम वर्ग पद्धतीनं प्रत्येकाचा वाटा काढायचा. यात गृहीत काय, तर गुण बेरजेनं वाढतात. २०१८ चा पॉवर अप खेळ आठवा. तिथे तराजू जितके सेकंद तुमच्या बाजूला झुकलेला, तितके गुण. एका यंत्रानं झुकवला की दुसऱ्यानं आणखी ठोकळे टाकून गुण वाढत नाहीत. बेरीज गेली. त्या वर्षी ओपीआरवरून कोणाचा वाटा किती ते नीट कळतच नव्हतं.

आणि अडवणारं यंत्र? ते स्वतः शून्य गुण करतं, समोरच्याचे चाळीस खातं. तुमच्या आकड्यात ते शून्यच. तुम्ही म्हणता चोविसावं यंत्र नुसतं अडवायला उभं केलं तर स्पर्धा हलकी. जरा त्या अडवणाऱ्यासमोर ड्रायव्हर म्हणून उभे राहा, मग बोलू.

गिअरबॉक्स
मी ओपीआर एकट्यानं वापरा असं कुठे म्हटलं? सामन्यांचे व्हिडिओ बघायचे, आकडा शेजारी ठेवायचा. पण चांगल्या अडवणाऱ्याला मी कमी लेखलं हे खरं. फरक असा करा: ठरवून अडवणारं आणि दुसरं काही जमत नाही म्हणून अडवणारं.

ठिणगी_६०
रोबोवॉरचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात करून सोडून दिला, निषेध.

आमच्याकडे मधली फळी वगैरे काही नाही. ड्रॉ निघतो. पहिल्याच फेरीत आडवं पातं फिरवणारा राक्षस आला की तीन मिनिटं कशाला, पहिल्या वीस सेकंदांत बॅटरीतून धूर. मग वाळूची बादली. रिपेअर करून पुढच्या सामन्याला उभं राहायचं तर हाताशी सुटा चेसिस हवा, नाहीतर लगेज डब्यातून घरी. सगळ्यात अवघड स्पर्धा म्हणजे जिथून यंत्र एका तुकड्यात परत येत नाही ती. विषय संपला.

पवईकर
यंत्राचं भंगार आणि स्पर्धेची अवघडता यांची गल्लत होतेय, पण वाळूच्या बादलीला मान.

लॅमिंग्टन_रोड
मी परत माझ्या मुद्द्यावर येतो. गिअरबॉक्स म्हणतात विषय सगळ्यांना सारखाच लांब पडतो. नाही पडत. रोबोकॉनमध्ये व्हिएतनामनं सगळ्यात जास्त वेळा बाजी मारली. २०१४ ला तर पुण्यात, आपल्या घरात, त्यांच्या लाक होंग विद्यापीठानं. विषय दरवर्षी बदलूनही तेच पुन्हा पुन्हा वर येत असतील, तर त्यांच्या कपाटात यंत्रं नाहीत, दुसरं काहीतरी आहे: कोणताही विषय आला की पंधरा दिवसांत पहिला कच्चा नमुना उभा करायची सवय. विषय जितका लांबचा, तितका त्या सवयीचा फायदा मोठा. म्हणून विचित्र विषयाच्या वर्षी नवखे आणि नावाजलेले एका पायरीवर 'सुरू' होतात, दोन महिन्यांनी त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. २०१९ सारखं वर्ष मधल्या फळीला चिरडतं. तुमच्या मापात ते 'सोपं' दिसेल, कारण मधली फळी पडलेली दिसेल. हे पटतं तुम्हाला?

गिअरबॉक्स
वरच्या जागेसाठी भांडणाऱ्याला अवघड, मधल्याला सोपं. मी मधल्याच्या बाजूनं विचारतोय, कारण मुंबईतले बहुतेक संघ तिथेच असतात. ज्याला बाद फेरीत पोचायचं आहे त्याच्यासाठी पडलेली फळी ही संधी आहे. ज्याला देशातून पहिलं यायचं आहे त्यानं तुमचं माप वापरावं.

लॅमिंग्टन_रोड
मग धाग्याचं शीर्षक बदला. 'कोणासाठी' हे त्यात नाही.

मुलुंडची_आई
शीर्षक राहू द्या. मला कोणीतरी सांगा, नववीतल्या मुलीला पुढच्या वर्षी डब्ल्यूआरओच ठेवू की संघ बदलून एफआरसीवाल्यांकडे पाठवू? तिला प्रोग्रामिंग आवडतं, स्क्रू आवळायला नाही.

नागदेवी_बेअरिंग
ताई, एफआरसीत सुरुवातीचे काही सेकंद यंत्र स्वतःच्या प्रोग्रामवरच चालतं, तिला काम मिळेल. पण संघ मोठा असतो, नव्या मुलांना बरेचदा आधी स्क्रूच देतात. जाण्याआधी त्यांना विचारा की गेल्या मोसमात तो सुरुवातीच्या सेकंदांचा कोड कोणी लिहिला होता, विद्यार्थ्यानं की मेंटरनं.