घरच्या कॉम्प्युटरला पाचापेक्षा जास्त बटणांचा माऊस कशाला?

पानोपानी

घरात कॉम्प्युटर एक आणि वापरणारे चौघं. गेल्या महिन्यात माऊसचं डावं बटण बिघडलं. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं व्हायचं, फाइल ओढून नेताना मध्येच हातातून सुटायची आणि भलत्याच फोल्डरात जाऊन पडायची. नवा घ्यायचा म्हणून पंधरा दिवस शोधतोय. सात, नऊ, बारा बटणांचे माऊस बघून बघून माझं मत पक्कं झालंय, ते इथे मांडतो. विरोध असेल तर खाली प्रतिसादात जरूर करा, अजून खरेदी केलेली नाही.

घरासाठी पाच बटणं पुरेत. डावं, उजवं, चाक दाबल्यावरचं आणि अंगठ्याखाली मागे-पुढे जाणारी दोन. विंडोज स्वतःहून एवढीच ओळखतं. सहाव्या बटणापासून कंपनीचं सॉफ्टवेअर टाकणं आलं. आमच्या जुन्या माऊसला सात बटणं होती. एका अपडेटनंतर त्यातली दोन मुकी झाली, कारण सॉफ्टवेअर आता खातं उघडून लॉगिन करायला सांगत होतं. शिवाय मी माझ्या लॉगिनमध्ये लावलेली बटणं मुलीच्या लॉगिनमध्ये वेगळंच काहीतरी करायची. सामायिक वस्तूने सगळ्यांशी सारखंच वागलं पाहिजे.

त्यापेक्षा पैसे चाकावर घाला. दिवसभर बोट त्याच्यावर असतं आणि खरेदीच्या वेळी त्याच्याकडेच कुणी बघत नाही. मी तर आधी चाक दाबून बघतो. लिंकवर चाक दाबलं की ती नव्या टॅबमध्ये उघडते, टॅबवर दाबलं की टॅब बंद होतो. पण चाकाची स्प्रिंग कडक असेल तर दाबता दाबता ते एक खाच फिरतं, पान सरकतं आणि बाणाखालची लिंक निसटून दुसरीच उघडते. डावीकडे-उजवीकडे कलणाऱ्या चाकांमध्ये हा त्रास जास्त, सरळ दाबायला गेलं की ते कलतं. म्हणून मला न कलणारं, खाच स्पष्ट जाणवणारं आणि हलक्या हाताने दबणारं चाक हवंय.

डीपीआयच्या, म्हणजे माऊस एक इंच सरकला की बाण किती पिक्सेल सरकतो त्याच्या, मोठ्या आकड्यांनी भुलू नये, एवढंच त्याबद्दल. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा ८०० डीपीआयवर साधारण अडीच इंचांत पार होतो.

कातरकाम

असहमत, आणि अनुभवाने असहमत.

मी घरीच व्हिडिओ संपादन करते. दिवसातून काहीशे वेळा काप, पुसून टाक, मागचं रद्द कर, थांबव-चालव एवढंच चालतं. हे सगळं कीबोर्डवर करता येतं आणि चार वर्षं मी तसंच केलं. त्यातून डाव्या हाताची करंगळी आणि तिच्यापासून मनगटापर्यंतची शीर दुखायला लागली, कारण कंट्रोल दाबून ठेवायचं काम तिच्याकडे असतं. मग अंगठ्याखाली बारा बटणं असलेला माऊस घेतला आणि ही चार कामं तिकडे हलवली.

पहिला आठवडा वाईट गेला, हे कबूल करते. सगळी बटणं अंगठ्याला सारखीच लागतात. मग कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर जशी उंचवट्याची रेघ असते, तसा मी मधल्या बटणावर नेलपॉलिशचा एक थेंब वाळवून ठेवला. अंगठा तिथे टेकला की वर कुठलं, खाली कुठलं हे न बघता कळतं. तीन आठवड्यांत हात बसला. मराठी टायपिंग शिकताना आपण सगळेच यातून गेलोय, तेव्हा कळा जास्त आहेत म्हणून कुणी कीबोर्ड नाकारला नाही.

सॉफ्टवेअरबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे, पण ती चुकीच्या माऊसबद्दल आहे. माऊसच्या आत मेमरी असेल तर बटणांची जुळवणी तिथेच साठते. एकदा लावा, सॉफ्टवेअर काढून टाका, कुठल्याही लॉगिनमध्ये आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरही ती तशीच राहते. बघायची गोष्ट ती, बटणांची संख्या नाही.

आणि ही हौस आजची नव्हे. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी माऊस पहिल्यांदा जाहीरपणे दाखवला, तेव्हा त्याला तीन बटणं होती आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा वेगळा संच होता. पट्ट्या एकत्र दाबून त्यातून ३१ खुणा निघतात. ज्यांनी ही वस्तू घडवली त्यांना हाताखाली भरपूर आज्ञा हव्या होत्या.

डावखुरी

तुम्ही दोघंही उजव्या हाताचा अंगठा धरून बोलताय. मी माऊस डाव्या हाताने धरते. तुमची ती मागे-पुढेची बटणं माझ्या अनामिकेखाली येतात, आणि अनामिका-करंगळीनेच तर माऊस चिमटीत धरून उचलायचा असतो. दर उचलीला पान मागे.

आणि हे फक्त डावखुऱ्यांचं दुखणं नाही. माझी आई उजव्या हाताने वापरते. ती एकदा एक लांबलचक फॉर्म भरत होती. तीन पानं भरून झाली, चष्मा सारखा करायला तिने हात उचलला, परत माऊसवर ठेवताना अंगठा बाजूच्या बटणावर पडला. पान मागे गेलं. पुढे आणलं तर सगळे रकाने कोरे. काय झालं ते तिला कळलंच नाही, आपणच काहीतरी चुकलो असं वाटून ती तशीच बसून राहिली. त्यानंतर ती दोन आठवडे कॉम्प्युटरला हात लावत नव्हती.

म्हणून माझं मत: घरच्या सामायिक माऊसला तीन बटणं, दोन्ही बाजूंनी सारखा आकार, बस. मागे जायचं तर ऑल्ट आणि डावा बाण. आडवं सरकायचं तर बहुतेक ठिकाणी शिफ्ट दाबून चाक फिरवा. अक्षर मोठं करायचं तर कंट्रोल आणि चाक. पाचवं बटण ही गरज नाही, सवय आहे.

पानोपानी

डावखुरीताई, आईंचा प्रसंग वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे बाबांचं वय झालंय, त्यांच्या बाबतीत हे सहज घडू शकतं. पण दोष बटण असण्यात आहे की बटण नको तिथे असण्यात? अंगठा जिथे विसावतो त्या रेषेच्या वर बटणं असतील आणि दाबायला अंगठा मुद्दाम उचलावा लागत असेल, तर चुकून दबणं खूप कमी होतं. बाजूच्या मधोमध, अंगठ्याच्या उशीखालीच बटणं दिलेले माऊस मी यादीतून काढतोय. हा मुद्दा माझ्या मूळ लेखात नव्हता, तुमच्यामुळे आला.

कातरकाम, एंगेलबार्ट यांचं उदाहरण मला माझ्या बाजूचं वाटतं. त्यांनी जास्तीच्या आज्ञा माऊसवर न चढवता दुसऱ्या हाताला दिल्या. उजव्या हाताने दाखवायचं, डाव्याने सांगायचं. आज तो डावा हात कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड करतो. हलत्या वस्तूवर बारा बटणं बसवली की दाबताना माऊस किंचित ढकलला जातोच आणि बाण नेम सोडतो. तुमच्या मनगटाचं कारण मात्र वेगळं आहे, तिथे मी वाद घालणार नाही.

लिनक्सवासी

छोटी भर. लिनक्सवर जुन्या एक्स-विंडो पद्धतीत (पडद्यावरच्या खिडक्या आणि माऊस सांभाळणारी व्यवस्था) ४ आणि ५ हे बटण-क्रमांक चाकाच्या वर-खाली फिरण्याला दिलेले आहेत, ६ आणि ७ आडव्या सरकण्याला. अंगठ्याची बटणं ८ आणि ९ म्हणून येतात. जुळवणी करताना ४-५ शोधत बसू नका. चाक दाबल्यावर निवडलेला मजकूर चिकटतो, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलंय की हलक्या दबणाऱ्या चाकाबद्दल मूळ लेखकाशी शंभर टक्के सहमत. आतल्या मेमरीची बटणं बदलायला पायपर नावाचं सॉफ्टवेअर आहे, पण घेण्याआधी आपलं मॉडेल त्याच्या यादीत आहे का ते बघा.

खोलून_बघा

बटणं किती यावर एवढा वाद चाललाय, पण आत काय आहे ते कुणी बोलत नाही. घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे मिळून बरेच माऊस मी उघडलेत. तळाच्या गुळगुळीत पट्ट्या हलक्या हाताने सोडवायच्या, स्क्रू बहुधा त्यांच्याखाली दडलेले असतात.

माऊस जातो तो बहुधा दोनच ठिकाणी. एक, डाव्या बटणाखालचा मायक्रोस्विच. त्यात एक बारीक लवचिक पत्रा असतो, तो टक्कन खाली बसतो आणि उठतो. त्याचं टोक काळवंडलं किंवा ताण सैल झाला की एका दाबात तो दोनदा टेकतो. हाच तुमचा डबलक्लिक. या स्विचचं आयुष्य क्लिकमध्ये सांगतात, १ कोटी, २ कोटी, त्याहूनही जास्त. अंगठ्याच्या बटणांना बऱ्याचदा याहून साधे, छोटे स्विच असतात. बारा बटणांसाठी बारा उत्तम स्विच मिळतील असं समजू नका.

दुसरं ठिकाण चाकाचा एनकोडर, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारा भाग. स्वस्त माऊसमध्ये तो घासणाऱ्या संपर्कांचा असतो. झिजला की खाली जाताना पान मध्येच एक उडी वर मारतं. केस आणि धूळ अडकली तरी हेच होतं, म्हणून फेकण्याआधी साफ करून बघा. प्रकाशाचा किरण कापून मोजणारा एनकोडर असेल तर घासणं नाही, म्हणून ही झीजही नाही. बदलायची वेळ आली तर जुन्याची उंची आधी मोजा. ९ मिलिमीटरच्या जागी ११ चा बसत नाही.

आणि वायरलेस घेणार असाल तर एक. डोंगल (माऊसचा यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) यूएसबी ३ च्या जागी, चालू हार्डडिस्कच्या शेजारी लावला की बाण अडखळू शकतो, कारण त्या जोडणीचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. आखूड एक्स्टेन्शन वायरीने डोंगल टेबलावर आणा. यामुळे चांगला माऊस परत केलेले लोक मला माहीत आहेत.

शुद्धिपत्र

मूळ लेखातल्या चाकप्रेमाशी सहमत, खाचांच्या आग्रहाशी नाही.

मी मुद्रितशोधन करतो. चारशे पानांची स्कॅन केलेली फाइल रोजची. हिशोब बघा. चाकाला एका फेरीत साधारण २४ खाचा, विंडोज मुळात एका खाचेला ३ ओळी सरकवतं. बोटाच्या एका ओढीत चाक फार तर एक तृतीयांश फिरतं, म्हणजे ८ खाचा, २४ ओळी. पानाला ३० ओळी धरल्या तर चारशे पानांच्या १२,००० ओळी, म्हणजे ५०० ओढी. एका वाचनाला ठीक आहे. पण "ती आकृती साधारण मधल्या भागात कुठेतरी होती" म्हणून शोधायची असेल तर पान क्रमांक टाकून जाता येत नाही, पानं डोळ्यांसमोरून वाहावी लागतात. तिथे मोकळं फिरणारं चाक लागतं. एक झटका दिला की पानं झरझर जातात, आकृती दिसली की बोट ठेवून थांबवायचं. लॉजिटेकने असं चाक २००६ साली एमएक्स रिव्होल्यूशनमध्ये आणलं. आता अशा बऱ्याच माऊसना चाकासाठी एक बटण असतं, दाबलं की खाचा सुटतात, परत दाबलं की लागतात.

म्हणजे सहावं बटण लागलंच. ते चाकासाठी आहे आणि माऊसच्या आतच काम करतं, सॉफ्टवेअर लागत नाही.

पानोपानी

सगळ्यांचं वाचून मी एक केलं. जुन्या माऊसशेजारी कागद ठेवला आणि घरातल्या प्रत्येकाला आठवडाभर रेघा मारायला सांगितल्या. चाक दाबलं की एक, मागे गेलं की एक, असं. कुणीही मोजून मापून केलं नाही, पण कल आला. "मागे" सगळ्यांनी वापरलं, बाबांनी सोडून. "पुढे" कुणीच नाही. चाक दाबणारा घरात मी एकटा. बाकीची बटणं कोरी. माझं मत बदललेलं नाही.

कातरकाम

पण जे बटण मुकं होतं त्याच्यापुढे रेघ कशी पडेल? तुम्ही आहे तेवढंच मोजलंत. कोण कशासाठी वारंवार मेनूपर्यंत जातं, ते बघा.

पानोपानी

बघितलं. काल संध्याकाळी मुलगी चित्र काढत होती तेव्हा मागे बसलो. रेघ चुकली की बाण वरच्या कोपऱ्यापर्यंत नेते, "रद्द"चं चिन्ह दाबते, परत चित्रावर येते. अर्ध्या तासात मी ४३ फेऱ्या मोजल्या. कंट्रोल-झेड तिला शिकवलंय, पण तिच्या डाव्या हातात संदर्भाचं चित्र असतं. हा हात मोकळा नसणं मी धरलंच नव्हतं. तिच्यासाठी एक जास्तीचं बटण मान्य. बाबांसाठी तेच बटण अजूनही अमान्य.

डावखुरी

मग एकच माऊस का? आमच्याकडे दोन जोडलेले आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. विंडोज दोन्ही एकाच वेळी घेतं, बाण एकच राहतो, ज्याने जो हलवला तो चालतो. एक मात्र लक्षात ठेवा, डावं-उजवं बटण अदलाबदल करायची सेटिंग दोन्ही माऊसना एकदम लागते. म्हणून मी तिला हातच लावत नाही, डाव्या हाताने धरते आणि मुख्य क्लिक मधल्या बोटाने करते. सवय व्हायला चार दिवस लागले.

बाबांना तीन बटणांचा द्या. मुलीला हवा तेवढ्यांचा.

पानोपानी

हे पटलं. बाबांसाठी तीन बटणांचा, सरळ वायरचा. दुसरा मोकळ्या चाकाचा आणि आत मेमरी असलेला, अंगठ्याच्या "पुढे"वर "रद्द" लावून, नाहीतरी ते कुणी वापरत नाही. म्हणजे चाकाचं बटण सोडून मोजायला गेलं तर मुलीचंही पाचांतच भागलं. कातरकाम, अंगठ्याखाली बाराचा संच अजूनही घेत नाहीये.

कातरकाम

घेऊ नका. पण "रद्द" पुढच्या बटणावर नको, मागच्यावर लावा. अंगठा मागे ओढणं पुढे ढकलण्यापेक्षा सोपं जातं, आणि ४३ वेळा करायचं आहे.