मदत हवी आहे: भत्त्याचा अर्ज परत येतो, कारण कोणी सांगत नाही

वर्धाकाठ
नमस्कार मंडळी. बुटीबोरीच्या कारखान्यातलं काम सुटून अडीच महिने झाले, सध्या गावी राळेगाव तालुक्यात हाय. भत्त्याचा अर्ज भरला की 'पात्र नाही' येते. ऑफिसात तीन चकरा मारल्या. एकदा साहेब सुट्टीवर, एकदा सर्व्हर डाऊन, तिसऱ्यांदा म्हणे ठेकेदाराले विचारा. ठेकेदार फोन उचलत नाही. एका चकरेत दिवस मोडतो अन् एसटी-चहात चारशे जातात. लवकर सांगा, सोमवारी परत जायचं हाय.

खडूफळा
सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं आहे का? पदवी कोणती?

वर्धाकाठ
दहावी नापास हाय सर. ईएसआयचा, म्हंजे कामगार विम्याचा भत्ता म्हणतोय. काम सुटल्यावर भेटते तो, अटल विमित योजनेवाला.

खडूफळा
मग तसं लिहायचं ना! तरी नोंदणी करून ठेवा.

पांदणरस्ता
भाऊ, ते सोड. रोजगार हमीचं जॉब कार्ड हाय ना? ग्रामपंचायतीत नमुना ४ भर, काम माग. १५ दिवसांत काम नाही भेटलं तर बेरोजगार भत्ता. पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव, मग अर्धा. २००५ च्या कायद्यापासूनच लिहून हाय.

तर्रीपोहा
कायद्यात तर लय काही हाय राजा. तुले भेटला का कधी?

पांदणरस्ता
नाही. रोजगार सेवक अर्ज घेते, पण तारखेची पोच देत नाही. तारीख नाही तर १५ दिवस मोजाचे कुठून? भत्ता राज्याले द्या लागते, म्हणून कोणी पोच फाडत नाही. मी दोन वर्षं भांडलो.

तर्रीपोहा
मग त्याले कायले त्याच वाटेनं पाठवते बाप्पा? पीएफ काढून घे भाऊ, मोकळा हो.

जुनाशिक्का
पीएफचं कोणी विचारलंय? मी कारखान्यात १९ वर्षं हजेरी आणि ईएसआयची चलनं भरली, म्हणून विचारतो. काम सुटलं म्हणजे काढलं की तुम्ही सोडलं? किती वर्षं होता? विमा नंबर एकच आहे का? ठेकेदार महिन्याच्या चलनात शून्य दिवस दाखवून कारण 'रजेवर' टाकतो, काम सुटल्याचं टाकतच नाही. मग सिस्टीमच्या लेखी तुम्ही अजून नोकरीत.

वर्धाकाठ
काढलं. तीन वर्षं होतो. मधात दिवाळीले ठेकेदार बदलला. गेट तेच, मशीन तेच, नव्यानं नवीन कार्ड करून दिलं.

जुनाशिक्का
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं! नवीन कार्ड म्हणजे नवीन विमा नंबर. या योजनेला दोन वर्षांची नोकरी लागते. शिवाय काम सुटण्याआधीच्या सहामाहीत ७८ दिवस आणि त्यामागच्या तीनपैकी एका सहामाहीत ७८ दिवस वर्गणी लागते. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तुमची जुनी वर्षं जुन्या नंबरावर पडून आहेत, नव्या नंबरावर तुम्ही कालचे पोर. सोमवारी भत्त्याचं बोलूच नका. दोन्ही नंबर जोडण्याचा लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

तर्रीपोहा
एवढं करून भेटते किती?

जुनाशिक्का
सरासरी रोजाच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस. रोज ४२० धरला तर १८,९००. पण आयुष्यात एकदाच.

पांदणरस्ता
त्याहून कापूस वेचाले ये. आमच्याकडे माणूस भेटून नाही राह्यला.

तर्रीपोहा
किलोले काय देतो ते सांग आधी.

वर्धाकाठ
दोन्ही कार्डं सापडली. जुनं बायकोनं पोथीत ठेवलं होतं. त्यावर माझं नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं हाय. नव्यावर नुसतं नाव अन् आडनाव, जन्मतारखेत वर्ष पण वेगळं. आता?

जुनाशिक्का
आधारवर जे आहे तेच धरा. आधार, पासबुक, दोन्ही कार्डं, दोन्ही ठेकेदारांच्या पगार पावत्या, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स गावातूनच काढून न्या.

वर्धाकाठ
जुन्या ठेकेदारानं पावती कधी देल्लीच नाही. पैसे खात्यात येत.

जुनाशिक्का
मग त्या वर्षांचं पासबुक छापून घ्या. आणि ठेकेदाराने 'रजेवर' टाकलंय का, हे खिडकीवरच्या माणसाला स्क्रीनवर बघायला लावा. बघितल्याशिवाय हलू नका.

वर्धाकाठ
बरं काका. पासबुकचं मशीन बंद हाय म्हणते बँकेत, उद्या पाहतो.