पगार घेतात ना, मग शाल कशाला?

बंबवाल्याची_लेक
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी चांगल्या मनाने टाकलं: १४ एप्रिलला अग्निशमन दिन आहे, जवळच्या स्टेशनवर जाऊन जवानांना शाल-नारळ देऊ. त्याखाली एका काकांचं उत्तर: "पगार घेतात ना? पोस्टमनला देतो का आपण शाल? आणि बंब येईपर्यंत राखच उरते." त्यावर सोळा अंगठे. सोळा! तिथे भांडले असते तर आईला लिफ्टमधून जाणं मुश्कील झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

माझे बाबा लीडिंग फायरमन म्हणून रिटायर झाले. स्टेशनवर पँट गमबुटांवर दुमडून तयार ठेवलेली असायची. घंटा झाली की बुटात पाय घालायचे आणि पँट वर ओढायची. आगीवरून आले की दोन दिवस रुमालाला काळं लागायचं. आई ते रुमाल वेगळे धुवायची, काही बोलायची नाही.

आणि हा दिवस १४ एप्रिललाच का, तर १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजावर आग लागली. पोटात कापूस आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. विझवायला गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. जहाजातल्या सोन्याच्या विटा उडाल्या हे मुंबईत पोराटोरांना माहीत. हे ६६ कुणाला माहीत नाहीत.

स्पष्टवक्ता_ठाणे
ते काका मी नव्हे, पण त्या ग्रुपवर असतो तर सतरावा अंगठा माझा. २०१९ साली माझ्या बहिणीच्या घरी एसीने पेट घेतला. पहिल्या फोनपासून बंब दारात यायला ३५ मिनिटं लागली. मेन स्विच पाडून शेजाऱ्यांनीच विझवलं. बहिणीचे हात अजून उन्हात चुरचुरतात. ४४ सालच्या हुतात्म्यांना माझा नमस्कार, पण त्यांच्या आड २०१९चा उशीर लपवू नका.

तिसरा_माळा_लिफ्ट_बंद
काका, ती ३५ मिनिटं स्टेशनात गेली की तुमच्या गल्लीत? आमच्याकडे दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये वडापावची गाडी, गेटवर वर्षभर तीच लोखंडी कमान. बिल्डरने शिडीच्या गाडीला वळायला सोडलेल्या जागेत आता कारंजं आहे. कारंजं! आणि त्यात पाणीही नाही.

स्पष्टवक्ता_ठाणे
गल्ली मोकळीच होती. विषय बदलू नका.

सेक्रेटरी_नाइलाजाने
कारंज्यावरून आठवलं. गेटसमोरची गाडी काढा असं सांगितलं तर एक मेंबर मला म्हणाला, "आग लागली की काढतो." शब्दशः! दोन नोटिसा दिल्या, दुसरीवर त्याने मुलाच्या गणिताचं कच्चं काम केलं.

पार्किंग_हक्काचं
सेक्रेटरीसाहेब, दोन लाख घेऊन पार्किंग देता आणि वर उपदेश? जागा नाही तर गाडी काय डोक्यावर ठेवू?

सेक्रेटरी_नाइलाजाने
दोन लाख बिल्डरने घेतले, मी नाही. डोक्यावर ठेवा, हेल्मेटचा खर्च वाचेल.

पार्किंग_हक्काचं
तोंड सांभाळा. तुमच्यासारख्यांमुळेच लोक एजीएमला येत नाहीत. आणि आगीची यंत्रणा चालू असल्याचा तुमचा बी फॉर्म कुठाय? जानेवारी-जुलै, वर्षातून दोनदा द्यायचा असतो. पंपाला गंज, होजरीलच्या, म्हणजे आगीच्या पाइपाच्या पेटीत वॉचमनचा डबा!

तिसरा_माळा_लिफ्ट_बंद
होजरीलच्या पेटीत डबा 😂 आमच्याकडे झाडू आहे.

पाळी_बारा_तास
धागा पार्किंगचा झालाच आहे तर मीही घुसतो. मी १०८ अँब्युलन्सवर डॉक्टर होतो, बीएएमएस, कंत्राटी. २०१४ साली सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभर ९३७ गाड्या, केवढं कौतुक! आमच्या नावाने ना दिवस, ना शाल. घाटात अपघात, हाताने अंबू, म्हणजे श्वास देणारा फुगा, दाबत ४० किलोमीटर आणलेला पेशंट, आणि हॉस्पिटलच्या दारात नातेवाइकाने माझीच कॉलर धरली, "उशीर का केला?" त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आला. पगार घेतात म्हणणाऱ्या काकांना तेवढं कळवा.

स्पष्टवक्ता_ठाणे
डॉक्टर, तुमच्याबद्दल कुठे काय म्हटलं मी?

पाळी_बारा_तास
"पगार घेतात ना"ला सतरावा अंगठा देणार होतात.

उलटा_प्रश्न
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. शाल म्हणजे फुकटात सुटका. मे २०१५, काळबादेवी, गोकुळ निवास. जळती इमारत कोसळली, चार अधिकारी गेले. त्यांत मुंबईचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर स्वतः. २०२३ला इर्शाळवाडीची दरड, मदतीला डोंगर चढताना नवी मुंबई दलातल्या एकाचा हृदयविकाराने मृत्यू. त्या रात्री वर गाडी जायला रस्ताच नव्हता, चालतच जायचं. भरती करा, धुरात श्वास घ्यायला धड बीए सेट द्या, वेळेवर मेडिकल करा. मग खुशाल शाली वाटा.

बंबवाल्याची_लेक
अगदी मान्य, पण एक सांगू? बाबांना आयुष्यात एकच शाल मिळाली, ती त्यांनी वापरली नाही. घडीसुद्धा मोडली नाही. कपाटात वरच्या खणात आहे, डांबरगोळ्यांसकट. तुम्हाला फुकटातली वाटते.

उलटा_प्रश्न
ठीक आहे, शालीवर गप्प बसतो. भरतीवर नाही.

स्पष्टवक्ता_ठाणे
बरं. वर्गणी काढणार असाल तर माझे १०० रुपये धरा, हो, तुमच्या त्या सोसायटीत नसूनही. नारळ तेवढा नको, आग विझवणाऱ्याला नारळ देऊन काय करणार? पण ३५ मिनिटांचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

बंबवाल्याची_लेक
बाबांना आत्ताच विचारलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "गाडी मिनिटभरात बाहेर पडायलाच हवी. पुढे रस्ता. पण गल्ली मोकळी असताना पस्तीस? जास्तच झाली." मग थोड्या वेळाने, "आणि नारळ चालेल म्हणावं. मेसमध्ये चटणीला लागतो."