वायफायचा ड्रायव्हर कम्पाइल करण्याआधी कार्डाचा नंबर बघा

‘रियलटेकचं स्वस्त यूएसबी वायफाय कार्ड लिनक्सवर चालतच नाही, दुसरं घ्या’ हे या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय, ते मला पटत नाही. अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांकडे दुसऱ्या कार्डाला पैसे कुठून येणार? चोपड्याकडच्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) आहे. जळगावहून आणलेलं असंच नखाएवढं कार्ड लावलं, तर वायफायच्या यादीत काहीच नाही, फाइल मॅनेजरमध्ये मात्र एक सीडी ड्राइव्ह उगवली! यूएसबीला काय जोडलंय ते सांगणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ कमांडने नंबर दाखवला ०बीडीए:१ए२बी. म्हणजे कार्ड बिघडलेलं नाही. विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या पोटातच असतो आणि त्यासाठी ते आधी सीडी बनून समोर येतं. ती सीडी इजेक्ट केली की नंबर बदलून सी८११ होतो, तेच खरं वायफाय. ‘यूएसबी-मोडस्विच’ पॅकेज टाकलं की हे बहुतेक वेळा आपोआप होतं.

ड्रायव्हरचं म्हणाल, तर या कार्डातल्या ८८११सीयू चिपसाठी लिनक्सचा तो कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.२ पासून आतच आहे. डेबियन १२ मध्ये ६.१ येतो, अगदी एका पायरीने हुकतो. म्हणून बॅकपोर्ट्समधला (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजेस देणाऱ्या भांडारातला) नवा कर्नल आणि ‘फर्मवेअर-रियलटेक’ हे चिपला लागणाऱ्या फाइल्सचं पॅकेज टाका. बाहेरचा ड्रायव्हर कम्पाइल केला (सोर्स कोडमधून स्वतः तयार केला) तर डीकेएमएस, म्हणजे नव्या कर्नलसाठी तो आपोआप पुन्हा तयार करणारी सोय, नसताना प्रत्येक कर्नल अपडेटला तेच काम पुन्हा करावं लागतं. हे सगळं उतरवायला नेट हवं, त्यासाठी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला देणं) चालू करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.