प्रतिसाद: बारचं फुटेज मिळालं की केस पक्की?

काहींचं म्हणणं असं की पिताना दिसणारं बारमधलं सीसीटीव्ही फुटेज मिळालं की दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप सिद्ध झाला. इतकं सोपं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधला मद्याचा निकष १०० मिली रक्तात ३० मिग्रॅहून जास्त अल्कोहोल, आणि तेही ब्रेथ अ‍ॅनालायझर किंवा प्रयोगशाळेच्या चाचणीत दिसलेलं. ग्लास रिकामा करताना दिसला म्हणून हा आकडा मिळत नाही. फुटेजचा खरा उपयोग बारमधून निघताना स्टिअरिंगवर कोण होतं हे ठरवायला, कारण अपघातानंतर 'मी नाही, पगारी ड्रायव्हर चालवत होता' हे ठरलेलं उत्तर.

आणि ते फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेलं नको. तिथे फाइल दाबून लहान केली जाते, हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) बदलतो. डीव्हीआरमधूनच (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) कॉपी घ्या, तीही लगेच. डिस्क भरली की जुनं पुसून नवं चढतं. डीव्हीआरचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे ते पंचनाम्यात लिहून घ्या, बचावपक्ष हमखास तिथेच बोट ठेवतो. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र: पुरावा देणाऱ्याचा भाग 'अ' आणि तज्ज्ञाचा भाग 'ब', दोन्हींत हॅश. आधीच्या पुरावा कायद्यातल्या अशाच ६५-ब प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्की केली ती जालन्याच्या निवडणूक खटल्यात, आणि तिथेही वाद व्हिडिओचाच होता.