बी-टू पास आहे, तरी ‘मला जर्मन येतं’ असं म्हणू का?

मांजलपूरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी बडोद्याची, आजोबा दांडिया बाजारात राहायचे, आम्ही आता मांजलपूरला. मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्यात प्लॅनिंगला आहे. नोकरी सांभाळून चार वर्षं जर्मन शिकले, सकाळी सहाची ऑनलाइन बॅच, रविवार सगळा होमवर्कमध्ये, शेवटी पुण्याला जाऊन बी-टूची, म्हणजे ए-वन ते सी-टू या सहा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीची, परीक्षा दिली. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, मला बोलण्यात ८३ मिळाले. आईने सोसायटीत पेढे वाटले.

तर आता आमच्याकडे नवीन मशीन आलंय आणि ते बसवायला जर्मनीहून एक टेक्निशियन आलेत, पन्नाशीचे, स्टुटगार्टच्या जवळच्या कुठल्याशा गावचे. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की यांच्याशी बोलायचं ते हिने. मी खूश होते, आदल्या रात्री मशीनचे शब्द काढून वहीत लिहून ठेवले. आणि पहिल्या दिवशी ते बोलायला लागले तर मला निम्मं कळेना. ‘नाही’ला आम्ही शिकलो ‘निश्ट’, ते म्हणतात ‘नेट’. ‘थोडंसं’ला आम्ही शिकलो ‘आइन बिसशेन’, ते म्हणतात ‘अ बिसले’. हे मी दुपारपर्यंत पकडलं तरी, पण संध्याकाळी हात पुसता पुसता ते म्हणाले की उद्या ‘ड्रायफिर्टल आख्ट’ला सुरू करू. ड्रायफिर्टल म्हणजे तीन चतुर्थांश, आख्ट म्हणजे आठ, मी डोक्यात लावलं आठ आणि तीन चतुर्थांश, म्हणजे पावणेनऊ. मी ‘या, क्लार’, म्हणजे हो, नक्की, म्हणाले आणि ऑपरेटरभाईंना, क्रेनवाल्याला, सगळ्यांना पावणेनऊचा निरोप दिला.

ते पावणेआठला येऊन बसले होते. मी पोचले तेव्हा शेडचं शटर बंद, आणि हे टूलबॉक्सवर बसलेले, डब्यातलं सफरचंद सोलून खाऊन झालेलं, सालं कागदावर नीट गोळा करून ठेवलेली. एक तास. मला काही बोलले नाहीत, घड्याळ दाखवलं फक्त.

मला झोंबलंय ते वेगळंच आहे. ते बोलले तेव्हाच मला शंका आली होती, कारण आमच्या पुस्तकात पावणेआठला ‘फिर्टल फोर आख्ट’ आहे आणि हे असलं काही नाही. पण मी विचारलं नाही. साहेब शेजारी उभे होते, बी-टूवाली साधी वेळ परत कशी विचारणार असं वाटलं. आणि आमचे ऑपरेटरभाई, ज्यांना जर्मनचा शब्द येत नाही, त्यांचं त्या माणसाशी माझ्यापेक्षा चांगलं चाललंय, दुपारी दोघं जाऊन सेवउसळ खाऊन आले.

तर मला मनापासून विचारायचंय की परकी भाषा चांगली बोलता येते म्हणजे नेमकं काय येतं? उच्चार? व्याकरण? मला अजून काय करायला हवं?

रावपुरा_ते_श्वाबन

ताई, मी मूळचा रावपुऱ्याचा, गेली ९ वर्षं स्टुटगार्टच्या पट्ट्यातच आहे, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. आधी ते घड्याळ सांगतो. इकडचे लोक असं धरतात की सात वाजले की आठवा तास सुरू झाला. त्याचा पाव भरला की ‘फिर्टल आख्ट’, म्हणजे सव्वासात. अर्धा भरला की ‘हाल्ब आख्ट’, साडेसात, हे तर तुम्हाला वर्गात पण शिकवलं असणार. आणि पाऊण भरला की ‘ड्रायफिर्टल आख्ट’. उत्तरेकडचे जर्मन सुद्धा यात गोंधळतात, त्यामुळे तुमच्या बी-टूला बोल लावू नका.

पण एक गोष्ट बघा. ड्रायफिर्टलला मराठीत काय म्हणाल? पाऊण. आणि ती वेळ मराठीत काय? पावणेआठ! पाऊण पण आला, आठ पण आले. तुम्ही मधे इंग्रजीवरून फिरून आलात, म्हणून पावणेनऊ झालं. आपल्याला शाळेपासून सवय लागलीये की परकी म्हटली की आधी इंग्रजीतून समजून घ्यायची, आणि आपल्या घरात जे तयार पडलंय तिकडे बघायचंच नाही. आकडे घ्या, जर्मन माणूस चोवीसला ‘चार आणि वीस’ म्हणतो, इंग्रजीवाले त्याला वैतागतात, आणि आपल्या चोवीसमध्ये चार आधीच आहे की! तीन लिंगं तर मराठीत पण आणि गुजरातीत पण, बडोद्याच्या माणसाला ते नवीन नाही. (कुठल्या शब्दाला कुठलं ते पाठच करावं लागतं, तिथे सुटका नाही.)

आणि तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर छोट्या शब्दांत आहे. ‘दार लाव’, ‘दार लाव जरा’, ‘दार लाव ना’, ‘दार लाव की’, चारीत काम तेच, पण कोण कुणाला कुठल्या मूडमध्ये बोलतंय ते वेगळं. जर्मनमध्ये हेच काम ‘माल’, ‘डोख’, ‘या’ असले चिमुकले शब्द करतात. मी पहिली तीन वर्षं ते न घालता बोलायचो, व्याकरण बरोबर, आणि तरी समोरच्याला वाटायचं हा हुकूम सोडतोय. मग कॅन्टीनमधल्या बाईंचं बोलणं ऐकून ऐकून ‘माल’ बसला. आपला ‘जरा’ जिथे जातो तिथे पुष्कळदा तो बसतो. ज्या दिवशी विचार न करता तो तोंडात आला त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आता आपल्याला येतंय.

जुना_बडोदेकर

मुली, तुझं वाचून वडिलांची आठवण आली. ते कोयलीच्या रिफायनरीत होते, अगदी सुरुवातीपासून. ती सोव्हिएत मदतीने उभी राहिली, १९६५ ला चालू झाली, तेव्हा बरेच रशियन इंजिनिअर बडोद्यात असायचे. वडील फिटर, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, रशियनचे दोन-तीनशे शब्द येत असतील नसतील. पण शिफ्टमध्ये काही अडलं की रशियन साहेब त्यांनाच बोलवायचे, दुभाषा असताना सुद्धा.

मी त्यांना विचारलं होतं एकदा. ते म्हणाले, मी आधी हाक मारायला शिकलो. रशियन लोकांत मान देऊन बोलवायचं तर नुसतं नाव घेत नाहीत आणि आडनावही नाही, माणसाचं नाव आणि त्याला जोडून वडिलांचं नाव. आपल्याकडे शाळेच्या हजेरीत असायचं तसं. वडिलांनी प्रत्येकाच्या वडिलांचं नाव विचारून घेतलं, आणि ‘तू’ कधी नि ‘तुम्ही’ कधी तेही, कारण त्यांच्यातही आपल्यासारखे दोन आहेत. दुसरं सांगायचे ते ‘दा न्येत’चं. दा म्हणजे हो, न्येत म्हणजे नाही, आणि दोन्ही लागोपाठ आले की अर्थ होतो नाही. पहिल्या ‘दा’वर व्हॉल्व्ह उघडायला धावलास तर कामातून गेलास, म्हणायचे, तोंडाकडे बघून पूर्ण ऐकायचं.

ते चांगलं रशियन बोलायचे असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याशी बोलायला लोकांना बरं वाटायचं, हे मी लहानपणी घरी चहाला येणाऱ्या लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

नाइटड्यूटी

काका, तुमच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी थोडं वेगळं म्हणते. मी जर्मनीत नर्स आहे, माहेर बडोदा. ‘मोडकंतोडकं चालतं, मनं जुळली पाहिजेत’ हे सगळीकडे नाही चालत हो. १५ म्हणजे ‘फ्युन्फत्सेन’ आणि ५० म्हणजे ‘फ्युन्फत्सिश’, फोनवर घाईत दोन्ही सारखेच ऐकू येतात, आणि औषधाचा डोस असेल तर? मी दर वेळी आकडे सुटे करून परत म्हणते, एक-पाच, बरोबर? डॉक्टर चिडले तरी म्हणते. त्यामुळे ताई, तू जे विचारलं नाहीस ना, ते आमच्याकडे केलं तर माणूस जाईल. परत विचारणं हा भाषेचाच भाग आहे असं मी मानते, व्याकरणाइतकाच.

दुसरं म्हणजे शब्द. बी-टूला मी पर्यावरण आणि सोशल मीडियावर भाषण दिलं होतं. वॉर्डात पहिल्या आठवड्यात एक आजी पाय धरून म्हणाल्या की ‘ओढतंय’. मला वाटलं पांघरूण ओढायचंय. तर तो दुखण्याचा प्रकार. आपल्याकडे बघा, ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक, आग, टोचणं, सगळं वेगळं, आणि आई नुसतं ‘ठणकतंय’ म्हणाली की आपल्याला कळतं कसं ते. जर्मनमध्येही तेवढेच शब्द आहेत, ‘पोखेंड’ म्हणजे ठणकणारं, ‘श्टेशेंड’ टोचणारं, ‘ब्रेनेंड’ आग होणारं, ‘त्सीएंड’ ते ओढणारं. मी वहीत एका बाजूला मराठी एका बाजूला जर्मन असं लिहून काढलं. तुला घड्याळ नि मशीनचं, मला दुखण्याचं. सगळी भाषा कुणाला येते, आपल्या कामाची तरी पक्की हवी.

फतेहगंज_निहोंगो

माझं जपानी आहे, एन-टू झालंय. त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही, वाचणं, ऐकणं, शब्द, व्याकरण एवढंच, त्यामुळे सर्टिफिकेट हातात असून मीटिंगमध्ये गप्प बसणारे खूप असतात, मी पण होतो. माझ्या सेन्सेईंनी, म्हणजे जपानीच्या सरांनी, मला एकच सांगितलं, तू हुंकार देत नाहीस. जपानी लोक समोरचा बोलत असताना मधे मधे ‘हाय’, ‘एए’, ‘सो देस का’ करत राहतात, त्याला ‘आइझुची’ म्हणतात. मी सभ्यपणे शांत ऐकायचो आणि त्यांना वाटायचं याला कळत नाहीये. आपली आजी गोष्ट सांगताना ‘हं म्हण, नाहीतर सांगणार नाही’ म्हणायची ना, अगदी तेच. हुंकार द्यायला लागलो तेव्हापासून लोक माझ्याशी हळू आणि जास्त बोलायला लागले, आणि त्यातून बोलणं सुधारलं.

कमाटीबाग

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट आपल्या गावातलीच आहे म्हणून सांगते. दांडिया बाजारात अरविंद निवास आहे, ताईच्या आजोबांच्या घराजवळच असेल. अरविंद घोष सात वर्षांचे असताना इंग्लंडला गेले, १८९३ ला परत आले ते थेट सयाजीरावांच्या नोकरीत बडोद्याला. ग्रीक, लॅटिन उत्तम, कॉलेजात फ्रेंच शिकवायचे, आणि स्वतःची बंगाली मात्र जेमतेमच येत होती! ती त्यांनी इथे बडोद्यात बसून शिकली. पुस्तकं वाचून बरीच आली, पण बोलणं बसेना म्हणून १८९८ ला बंगालमधून दिनेंद्रकुमार रॉय यांना बोलावून घेतलं आणि ते त्यांच्याकडेच राहिले. शिक्षक म्हणून कमी, बोलायला सोबत म्हणून जास्त. म्हणजे इतक्या भाषा कोळून प्यालेल्या माणसाला सुद्धा बोलण्यासाठी घरात माणूस लागला. ताई, तुझ्या शेडमध्ये तर असा माणूस आयता आलाय, तो जायच्या आत त्याच्याशी भरपूर बोलून घे.

आणि अजून एक, मी भाषा शिकवते म्हणून मला हे पाठ आहे. या ए-वन ते सी-टू पायऱ्या काउन्सिल ऑफ युरोपने २००१ साली छापल्या, त्यात बी-टूचं वर्णन असं आहे की त्या भाषेच्या माणसाशी नेहमीचं बोलणं दोन्ही बाजूंना ताण न पडता व्हावं. दोन्ही बाजूंना, हे लक्षात घे. तू सगळा ताण एकटीने घेतलास, साहेब शेजारी होते म्हणून, आणि तो दुसऱ्या दिवशी त्या टेक्निशियनच्या वाट्याला आला.

मांजलपूरची

काय लिहू, खूप खूप आभार सगळ्यांचे. नाइटड्यूटी ताई, तुमची वहीची आयडिया आजच सुरू केली. कमाटीबाग, ‘दोन्ही बाजूंना’ हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते.

आज जेवणाच्या सुट्टीत मी ऑपरेटरभाईंना ड्रायफिर्टल आख्ट शब्दशः गुजरातीत सांगितलं, नुसतं ‘पाऊण, आठ’ एवढंच, आणि ते लगेच म्हणाले, ‘तो पोणा आठ ज कह्युं ने एणे!’, म्हणजे मग पावणेआठच म्हणाले ना ते! मग मी टेक्निशियन साहेबांनाही सांगितलं की आमच्या भाषेत पण तुमच्या गावासारखंच आहे, तर त्यांनी खिशातून मार्कर काढून खोक्यावर घड्याळ काढलं आणि मला सव्वा, साडे, पावणे असं सगळं म्हणायला लावलं, आणि स्वतः मागून म्हणून बघितलं. ‘सव्वा’ त्यांना छान जमतं, ‘पावणे’चा ‘ण’ काही येत नाहीये अजून.

आत्ता निघताना म्हणाले उद्या ‘फिर्टल आख्ट’. साहेब शेजारीच होते. मी विचारलं, म्हणजे सात वाजून पंधरा मिनिटं ना? ‘गेनाऊ’, अगदी बरोबर, म्हणाले. क्रेनवाल्याला सव्वासातचा निरोप दिलाय.