मदत हवी आहे: एमपीजेईसाठी (अमेरिकेत फार्मसिस्टचं लायसन्स मिळवायला द्यावा लागणारा कायद्याचा पेपर) फेडरल (म्हणजे केंद्राचे) आणि न्यूयॉर्क राज्याचे नियम डोक्यात वेगळे कसे ठेवायचे?

नमस्कार मंडळी. पुण्यातून फार्म.डी. केलं, सध्या क्वीन्समध्ये राहते. एफपीजीईसी (परदेशी फार्मसी पदवीधरांना लागणारं प्रमाणपत्र) झालंय, नॅप्लेक्स या लायसन्सच्या मुख्य परीक्षेचीही फारशी धास्ती नाही. गाडी अडलीय ती कायद्याच्या पेपरपाशी.

नियम फेडरल विचारलाय की राज्याचा, हे प्रश्नात सांगतच नाहीत! दोन्हींत जो कडक तो पाळायचा, एवढं कळलंय. पण उदाहरणार्थ, अल्प्राझोलाम (बेंझोडायझेपिन गटातलं चिंतेवरचं औषध) शेड्यूल ४ मध्ये, म्हणजे कंट्रोल्ड (सरकारचं कडक नियंत्रण असलेल्या) औषधांच्या चौथ्या यादीत, म्हणून फेडरल कायद्याने सहा महिन्यांत ५ रिफिल (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध देणं) चालतात. न्यूयॉर्कमध्ये मात्र बेंझोडायझेपिनला रिफिलच नाही. फेडरल कायद्यात कंट्रोल्ड औषधांची कागदपत्रं २ वर्षं ठेवायची, इथे प्रिस्क्रिप्शन ५ वर्षं. असे फरक वाचताना पटतात आणि सराव चाचणीत सगळी खिचडी होते. (आपल्याकडे शेड्यूल एच, एक्स असं अक्षरांत पाठ केलेलं, तेही मधेच आठवतं.)

ज्यांनी न्यूयॉर्कची परीक्षा दिलीय त्यांनी सांगा: आधी फेडरल पूर्ण संपवलंत, की विषयवार दोन्ही शेजारी ठेवून वाचलंत? नोट्स कशा काढल्या?

अजून एक. नवऱ्याची नोकरी कदाचित न्यू जर्सीला हलेल. लायसन्स ट्रान्सफर करताना तिथल्या कायद्याचा पेपर वेगळा द्यावा लागतो, हे माहीत आहे. मग आत्ता न्यूयॉर्कचा देऊन टाकू, की दोन महिने थांबू? कुणी दोन्हीकडचं लायसन्स काढलं असेल तर प्लीज लिहा. क्लासच्या जाहिराती नकोत.